फोर-वे स्टॉप : आधी कोण? (अमेरिकेत नव्याने गाडी चालवणाऱ्यांसाठी)

ओलीमाती

नमस्कार मंडळी,

फ्रीमाँटला (कॅलिफोर्निया) राहते. लेखी परीक्षा झाली, परमिट हातात आहे, पुढच्या महिन्यात रोड टेस्ट. नाशिकला गाडी चालवायचे, त्यामुळे स्टिअरिंगची भीती नाही. फ्रीवेसुद्धा जमतोय. डोक्याला ताप आहे तो घराजवळच्या चौकाचा, जिथे चारही बाजूंना स्टॉप साइन आहेत.

पुस्तकात लिहिलंय, आधी येईल तो आधी जाईल आणि दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं. वाचायला सोपं आहे. पण चौघं एकदम आले तर प्रत्येकाच्या उजवीकडे कोणीतरी असणारच ना? मग सगळ्यांनी काय संध्याकाळपर्यंत उभं राहायचं?

दुसरं, थांबायचं किती वेळ? नवरा म्हणतो मनात तीन आकडे मोज. मैत्रीण म्हणते, चाकं थांबली की झालं.

तिसरं म्हणजे आमच्या कोपऱ्यावर थांबायची रेषा इतकी मागे आहे की तिथे थांबलं तर समोर फक्त कुणाच्या तरी बागेचं कुंपण आणि पार्क केलेली व्हॅन दिसते. पुढे जाऊन थांबू का?

जाणकारांनी कृपया सांगा. 'सवय झाली की जमेल' हे घरी रोज ऐकते आहे. :)

सह्यकडा

ओलीमाती, आधी सोपं ते उरकतो.

कायद्यात सेकंद दिलेले नाहीत. गाडी पूर्ण थांबली पाहिजे, एवढंच. 'तीन मोज' हा शिकवणाऱ्यांचा तोडगा आहे, कारण नवशिक्याला गाडी थांबली असं वाटतं तेव्हा ती बऱ्याचदा ताशी दोन-तीन मैलांनी सरकतच असते. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक किंचित खाली जातं आणि चाकं थांबली की परत जागेवर येतं. तो हलका झोका पाठीला जाणवला की थांबलीस. टेस्टच्या दिवशी मात्र तीन मोजच. शेजारी बसलेल्या परीक्षकाला तुझी पाठ दिसत नाही.

कुठे थांबायचं याचा क्रम कॅलिफोर्नियाच्या व्हेइकल कोडमध्ये, कलम २२४५० मध्ये, दिला आहे. जाड पांढरी रेषा असेल तर तिच्या अलीकडे. रेषा नसेल तर क्रॉसवॉकच्या (पायी रस्ता ओलांडायच्या जागेच्या) अलीकडे. दोन्ही नसतील तर आडव्या रस्त्यात शिरण्याआधी. आणि क्रॉसवॉक रंगवलेला नसला तरी असू शकतो. दोन्हीकडचे फुटपाथ जिथे समोरासमोर येतात तिथे कायद्याच्या दृष्टीने तो असतोच.

आता कुंपण आणि व्हॅन. रेषा ओलांडून थेट 'दिसेल तिथे' थांबायचं नाही. आधी रेषेशी पूर्ण थांब. मग ब्रेकवरचा पाय थोडा सैल करून इंचाइंचाने पुढे सरक, आडवा रस्ता दिसू लागला की गरजेप्रमाणे पुन्हा थांब. पहिला थांबा पायी चालणाऱ्यांसाठी आहे, दुसरा गाड्यांसाठी. नवीन लोक दुसरा बरोबर करतात आणि पहिला खाऊन टाकतात.

चौघांच्या कोड्याला कायद्यात खरंच उत्तर नाही. कुणी कुणाला वाट द्यायची एवढंच कायदा सांगतो, 'तू जा' असं कुणालाच म्हणत नाही. प्रत्यक्षात कोणीतरी अर्धा सेकंद आधी आलेला असतो किंवा एखादा धीर करून हलतो आणि गाठ सुटते. समोरासमोरचे दोघं सरळ जाणार असतील तर एकदम जाऊ शकतात. त्यातला एक डावीकडे वळणार असेल तर त्याने समोरच्या सरळ जाणाऱ्याला आधी सोडायचं. म्हणून इंडिकेटर चौकात पोचण्याच्या आधीच लाव, थांबून झाल्यावर नाही. बाकीचे तिघं त्यावरूनच ठरवतात.

तिरकस

किती तो अभ्यास! इथले निम्मे लोक थांबतच नाहीत. 'कॅलिफोर्निया स्टॉप' हे नाव उगाच पडलंय का? रात्री अकराला आमच्या कॉलनीत चिटपाखरू नसतं. तिथे पूर्ण थांबून डावीकडे-उजवीकडे मान हलवायची म्हणजे नाटक आहे. वेग कमी करा, बघा, निघा. पेट्रोलही वाचतं.

मधुमालती

तिरकस, चिटपाखरू नव्हतं हे थांबल्याशिवाय कळलं कसं?

आमच्याकडे एडिसनला (न्यू जर्सी) ओक ट्री रोडच्या आजूबाजूला शनिवारी संध्याकाळी येऊन बघा. पिशव्या घेतलेली मंडळी दोन गाड्यांच्या मधून कुठूनही उगवतात, आणि त्यात आपलीच जास्त. दहा मैलांच्या वेगाने सरकणारी गाडी सेकंदाला पंधरा फूट जाते. मान वळवून परत समोर बघेपर्यंत क्रॉसवॉक मागे पडलेला असतो. न्यू जर्सीत २०१० पासून रंगवलेल्या क्रॉसवॉकमध्ये माणूस असेल तर नुसता वेग कमी करून चालत नाही, पूर्ण थांबून तो जाईपर्यंत थांबून राहावं लागतं. आणि स्टॉप साइन मोडल्याचे लायसन्सवर दंडाचे २ पॉइंट बसतात, मग इन्शुरन्सवाले जागे होतात.

ओलीमाती, एक घरगुती सूचना. सासू-सासरे किंवा आई-बाबा इकडे आले की शेजारच्या सीटवरून 'अगं कोणी नाहीये, घे पुढे' असा धोशा सुरू होतो. प्रेमानेच म्हणतात. पण टेस्ट होईपर्यंत त्यांना मागे बसव.

सह्यकडा

मधुमालती +१. कॅलिफोर्नियात १ पॉइंट. मूळ दंड ३५ डॉलरच आहे, पण त्यावर निरनिराळे आकार चढत चढत आकडा दोनशेच्या वर जातो. ट्रॅफिक स्कूल (वाहतूक नियमांचा वर्ग) करून पॉइंट झाकता येतो, तेही १८ महिन्यांतून एकदाच.

आणि ओलीमातीसाठी जास्त महत्त्वाचं : रोड टेस्टमध्ये स्टॉप साइनला गाडी सरकत गेली तर ती बारीकसारीक चूक धरत नाहीत. बाकी सगळं कितीही छान चालवलं तरी टेस्ट तिथेच नापास.

कोथरूडकर

पुण्यातून वाचतोय आणि हेवा वाटतोय. आमच्याकडे चौकात आधी कोण, हे हॉर्नच्या आवाजावर ठरतं.

पण गंमत अशी की हे नियम आपल्याला परके नाहीत. आठ कोनांची लाल 'थांबा' पाटी भारताच्या अधिकृत चिन्हांमध्ये आहेच, लायसन्सच्या परीक्षेतही विचारतात. आणि १९८९ च्या रस्ता नियमांत (त्यांच्या जागी आता २०१७ चे आले) स्पष्ट लिहिलं होतं, की चौकात शिरताना मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना वाट द्या आणि तसा मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर उजव्या हाताकडून येणाऱ्यांना वाट द्या. म्हणजे उजवीकडच्याला मान इथेही होता, फक्त पाळणारा कोणी भेटला नाही.

गणूचा_बाबा

कोथरूडकरांनी नकळत खऱ्या दुखण्यावर बोट ठेवलं. ऑस्टिनमध्ये भारतातून नव्याने आलेल्या बऱ्याच जणांना मी शेजारी बसून शिकवलंय. त्यांची गडबड नियम माहीत नसल्यामुळे होत नाही, मान चुकीच्या बाजूला आधी वळल्यामुळे होते.

भारतात आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. आडव्या रस्त्यात शिरलं की पहिल्यांदा ज्या लेनमध्ये घुसतो तिथली वाहनं उजवीकडून येतात. म्हणजे आधी बघायचं ते उजवीकडे आणि वाट द्यायची तीही उजवीकडे. दोन्ही एकाच बाजूला, म्हणून कधी वेगळा विचार करावा लागला नाही.

इथे हे दोन सुटे झाले. जवळच्या लेनमधली गाडी डावीकडून येते, ती पहिल्यांदा अंगावर येईल. म्हणून नजर आधी डावीकडे. पण बरोबरीत आलात तर वाट द्यायची उजवीकडच्याला. नवा माणूस थांबतो, सवयीने उजवीकडे बघतो, तिथल्या गाडीला मोठ्या मनाने सोडतो आणि तेवढ्याच समाधानात पुढे निघतो. डावीकडे बघायचं राहूनच जातं.

माझा क्रम : डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, मगच ॲक्सिलरेटर. शेवटचं 'पुन्हा डावीकडे' गाळायचं नाही, कारण उजवीकडे बघण्यात दोन सेकंद गेलेले असतात. आणि नुसते डोळे फिरवून भागत नाही, मान आणि खांदा पुढे-मागे हलवा. काचेच्या कडेचा खांब एक अख्खी सायकल किंवा चालणारा माणूस लपवू शकतो.

वळल्यानंतरची एक गोष्ट. डावीकडे वळताना मोकळा रस्ता दिसला की हात आपोआप गाडीला डाव्या बाजूच्या लेनमध्ये घालतो, म्हणजे समोरून येणाऱ्यांच्या तोंडावर. दिवसा वाहतुकीत हे होत नाही, कारण पुढच्या गाडीच्या मागे जायचं असतं. रिकाम्या रस्त्यावर होतं. तिरकस म्हणतात त्या चिटपाखरू नसलेल्या कॉलनीतच.

ओलीमाती

बाबा, हे कोणी असं फोड करून सांगितलंच नव्हतं! बघायचं आधी डावीकडे, मान द्यायचा उजवीकडे. लिहून डॅशबोर्डला चिकटवते.

अजून एक : काही चौकांत माझ्या बाजूला स्टॉप आहे पण आडव्या रस्त्याला आहे की नाही ते कळत नाही. कसं ओळखायचं?

रस्तेवाला

हा प्रश्न फोर-वेपेक्षा महत्त्वाचा आहे. वाहतूक अभियंता म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या पाटीच्या खाली बघा. 'ऑल वे' अशी छोटी पट्टी असेल तर सगळ्या दिशांना स्टॉप आहे. जुन्या ठिकाणी 'फोर वे' लिहिलेलं सापडेल. काही पाट्यांखाली 'आडवी वाहतूक थांबत नाही' अशा अर्थाची पट्टी असते. पट्टीच नसेल तर आडवा रस्ता थांबणार नाही असंच धरून चाला. शंका असेल तर आडव्या रस्त्याकडे नजर टाका. अष्टकोन मागून बघितला तरी अष्टकोनच दिसतो, त्यावरून तिकडे स्टॉप आहे का ते कळतं.

फोर-वेवर सगळे कासवगतीने असतात, टक्कर झाली तरी बहुधा पत्र्यावर निभावतं. टू-वे स्टॉपला (दोनच बाजूंना पाटी असते तिथे) आडवी गाडी पूर्ण वेगात असते. ताशी ४५ मैल म्हणजे सेकंदाला ६६ फूट. थांबलेल्या स्थितीतून डावीकडे वळून मोठ्या रस्त्याला लागायला साधारण साडेसात सेकंदांची फट लागते असं आम्ही रस्ता आखताना धरतो. गुणाकार करा, जवळजवळ ५०० फूट. तेवढ्यात गाडी दिसत असेल तर थांबून राहा. मागचा हॉर्न वाजवो, त्याला वाजवू दे. इथे 'मी आधी आलो' ला काही किंमत नाही, फोर-वेचा हिशोब या चौकात चालतच नाही. नवे लोक नेमके हेच मिसळतात : दोन मिनिटं शहाण्यासारखं थांबतात, मग 'आता माझा नंबर' म्हणून निघतात.

तिरकस यांच्या तक्रारीतही थोडं तथ्य आहे, हे कबूल करायला हवं. नको तिथे स्टॉप साइन लावल्या तर लोक त्यांना जुमानेनासे होतात. म्हणून आमच्या नियमपुस्तकात स्पष्ट आहे, की वेग कमी करवण्यासाठी स्टॉप साइन वापरू नये. चारही बाजूंना लावायच्या तर निकष आहेत. स्टॉपमुळे टळू शकले असते असे वर्षात पाच अपघात, हा त्यातला एक. नगरपालिकेत मात्र दर आठवड्याला कोणीतरी 'आमच्या गल्लीत पाटी लावा' म्हणत येतं, आणि लावल्यावर तोच गृहस्थ तिथे सरकत जाताना दिसतो.

अवांतर : पहिली स्टॉप साइन १९१५ साली डेट्रॉइटमध्ये लागली असं मानतात. आठ कोन १९२० च्या दशकात ठरले. कल्पना अशी की जितक्या बाजू जास्त तितका धोका मोठा. म्हणून रेल्वे फाटकाची सूचना गोल आणि त्याखालोखाल स्टॉपचा अष्टकोन. १९५४ पर्यंत ही पाटी पिवळी होती. उन्हात न विटणारा लाल रंग मिळेपर्यंत थांबावं लागलं.

गोठलेला_बंड्या

मिनेसोटाहून हजेरी. आमच्याकडे जानेवारीत पाटीवर बर्फाचा थर बसतो, अक्षर दिसत नाही, लाल रंगही दिसत नाही. आकारच कामाला येतो.

आणि बर्फात 'पूर्ण थांबा' हे पाटीपाशी पोचल्यावर ठरवायचं नसतं. चौकाच्या तोंडाशी सगळ्यांनी ब्रेक दाबून दाबून काच झालेली असते. खूप आधीपासून हलका ब्रेक. समोरचा घसरत येतोय असं दिसलं तर तुमचा नंबर असला तरी त्याला जाऊ द्या, त्याच्या हातात काही राहिलेलं नसतं.

पेडलवाला

सायकलवाल्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. ऑरेगनात २०२० पासून सायकलस्वाराला स्टॉप साइनपाशी वाट मोकळी असेल तर न थांबता, वेग कमी करून जाता येतं. याची सुरुवात आयडाहोत १९८२ ला झाली. कॅलिफोर्नियात मात्र सायकललाही थांबावंच लागतं. २०२१ मध्ये बदलाचं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं होतं, राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. पण ओलीमाती, कायदा काहीही असो, सायकलवाला थांबेलच असं गृहीत धरू नका. विशेषतः उजवीकडे वळताना उजव्या खांद्यावरून मागे बघा. आम्ही तिथेच असतो.

तिरकस

एवढे सगळे एकदम अंगावर आलात म्हणजे मुद्दा दमदार असणार. :) गंमत म्हणून सांगतो, रोलिंग स्टॉप (पूर्ण न थांबता सरकत जाणं) मला एकट्यालाच सुचलेला नाही. टेस्लाने आपल्या स्वयंचलित गाड्यांना तो शिकवला होता. काही अटींवर ताशी ५.६ मैलांपर्यंतच्या वेगाने त्या स्टॉप साइन ओलांडत. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारी यंत्रणेच्या आक्षेपानंतर जवळपास ५४ हजार गाड्यांमधून ती सोय काढावी लागली.

रस्तेवाला

उदाहरण तुमच्याच विरुद्ध गेलं की. त्या गाडीला चारी बाजूंना कॅमेरे होते, तरी परवानगी नाही. तुम्हाला दोन डोळे आहेत.

तिरकस

ठीक. दिवसा थांबेन. रात्रीचं बघू.

ओलीमाती

आज त्या चौकात जाऊन आले. समोरच्या ट्रकवाल्याने हात हलवून 'जा जा' केलं. नंबर त्याचा होता. मी तशीच उभी, तोही उभा, दोघंही एकमेकांना हात करतोय. अशा वेळी जायचं का?

गणूचा_बाबा

जायचं, पण स्वतः सगळीकडे बघून झाल्यावरच. त्याचा हात म्हणजे सिग्नल नाही. त्याने तुम्हाला वाट दिली, त्याच्या ट्रकआडून येणाऱ्या गाडीने दिलेली नाही. ठोकर झाली तर 'त्यांनी हात केला होता' हे इन्शुरन्सवाल्याला सांगून फारसा उपयोग होत नाही. तुम्ही मात्र कोणाला हात करू नका. नंबर तुमचा असेल तर निघा. आपली 'आधी तुम्ही, छे छे आधी तुम्ही' ही पंगतीची सवय चौकात धोक्याची आहे, कारण दोघंही कंटाळून एकाच क्षणी निघतात.

मधुमालती

रांगेत असताना एक लक्षात ठेव. पुढच्या गाडीच्या मागे थांबलीस तो तुझा स्टॉप धरला जात नाही. ती गेली की रेषेपर्यंत जाऊन स्वतःचा थांबा पुन्हा घ्यायचा. दोन गाड्या एका थांब्यात निघणं हे नेहमीचं दृश्य आहे आणि पोलिसांचं आवडतं.

आणि स्कूल बस! तिच्या कडेला छोटी स्टॉप साइन उघडते आणि लाल दिवे लुकलुकतात, तेव्हा 'आधी कोण' वगैरे काही नाही. सगळे थांबतात, साध्या रस्त्यावर समोरून येणारेसुद्धा, आणि दिवे बंद होईपर्यंत हलत नाहीत. न्यू जर्सीत किमान २५ फूट लांब थांबावं लागतं. मध्ये दुभाजक असेल तर समोरच्या बाजूचे नियम राज्याराज्यात वेगळे आहेत, तुमचं पुस्तक बघ.

सह्यकडा

कॅलिफोर्नियात प्रत्येक दिशेला दोन किंवा जास्त लेन असतील, किंवा मध्ये दुभाजक असेल, तर समोरून येणाऱ्याला थांबायची गरज नाही. बाकी मधुमालती म्हणतात तसंच.

लुकलुकणारा लाल सिग्नल म्हणजे स्टॉप साइनच. आणि वीज जाऊन सिग्नल पूर्ण बंद पडला तर तो चौक फोर-वे स्टॉप समजायचा. वादळात झाडं पडून वीज गेली की इथे हे घडतंच. सहा-सहा लेनच्या चौकात लोक एकेक करत निघतात, वेळ लागतो, पण निघतात.

टेस्टला जाताना गाडीचे ब्रेक लाइट आणि हॉर्न घरून तपासून जा. निघण्याआधी परीक्षक ते बघतो आणि हाताचे इशारेही विचारतो. डावा हात खिडकीबाहेर सरळ काढला की डावीकडे वळतोय, कोपरातून वर केला की उजवीकडे, खाली सोडला की थांबतोय. भारतात हे उजव्या हाताने शिकलेली असशील, तिथे गडबड होते.

तिरकस

आणि इंडिकेटर समजून वायपर लावू नका. इथे इंडिकेटरचा दांडा डाव्या हाताला असतो. कडकडीत उन्हात वायपर फिरायला लागले की परीक्षकाला लगेच कळतं, उमेदवार कुठून आलाय.